पायांचा रेला

बास ड्रम हे मुळात निवांत वाद्य. बावीस इंचांचं तोंड, दीड फूट खोल पोट आणि त्यावर पायाने दिलेला एक टोला. ‘धम्’ होतं आणि तो धम् सावकाश विरतो. लष्करी बँड असो, नाचाची गाणी असोत की जॅझ, मात्रा कुठे आहे ते सांगून गप्प बसायचं एवढंच त्याचं काम. या वाद्याला सेकंदाला सोळा वेळा बोलायला लावायचं, आणि तेही असं की शेवटच्या रांगेतल्या माणसाला सोळाच्या सोळा टोले मोजता यावेत, हा हट्ट हेवी मेटल संगीतवाल्यांचा.

हिशेब सोपा आहे. लय २४० बीपीएम, म्हणजे मिनिटाला २४० मात्रा. प्रत्येक मात्रेत पायाचे चार टोले, आपल्या भाषेत चौपट. मिनिटाला ९६० टोले झाले, सेकंदाला १६. दोन टोल्यांमधलं अंतर साडेबासष्ट मिलिसेकंद. बास ड्रमचा खर्ज साधारण ५० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे त्याच्या एका आंदोलनाला २० मिलिसेकंद लागतात. दुसरा टोला येऊन आदळेपर्यंत पहिल्याला जेमतेम तीन आंदोलनं मिळतात. पहिला विरायच्या आत दुसरा, दुसऱ्याच्या अंगावर तिसरा. ऐकणाऱ्याच्या वाट्याला येते ती घरघर. लय ३०० वर नेली तर सेकंदाला २० टोले होतात, आणि माणसाच्या कानाला सूर म्हणून जे ऐकू येतं त्याची खालची हद्द तिथेच, २० हर्ट्झच्या आसपास, सुरू होते. थोडक्यात, ताल तालपण सोडायच्या बेतात असतो.

तबल्याच्या मैफलींना जाणाऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. रेला, म्हणजे भरभर बोलांची सलग लड, सुरू झाला की जाणकार आधी वेग बघत नाही. बोल दाणेदार निघतायत की एकमेकांत मिसळतायत, ते ऐकतो. तबलजीजवळ छोटं तोंड आहे, शाई आहे, बोटं आहेत. मेटल ड्रमरजवळ दोन पाय आणि एक पिंप. त्यामुळे त्याने दाणा बाहेरून आणला. या बाहेरून आणण्याच्या सोयीला ट्रिगर म्हणतात.

ऑक्टोपॅड न पाहिलेला मराठी माणूस मिळणं अवघड. ऑर्केस्ट्रात, गणपतीपुढच्या बेंजो पार्टीत, नवरात्रात, काळ्या रबरी चौकटींवर काठ्या हाणणारा एक पोऱ्या असतोच. रोलंड कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. काठी कुठे आणि किती जोरात पडली एवढंच तो दुसऱ्या यंत्राला कळवायचा, आवाज त्या यंत्राचा. ट्रिगरही नेमकं हेच करतो. फरक इतकाच की इथे रबराच्या जागी खरा ड्रम असतो आणि काठीच्या जागी पाय.

आत असते ती पिझोची चकती. काही स्फटिक दाबले की विजेचा भार तयार होतो, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. आज तोच गुण घड्याळाच्या बझरमध्ये आणि स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरमध्ये रोज वापरला जातो. पितळेच्या पातळ पत्र्यावर चिनीमातीसारखा पांढरा थर आणि दोन वायरी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ही चकती किरकोळ पैशात मिळते. कंपनीचा ट्रिगर महाग पडतो तो चकतीमुळे नाही. तिच्याभोवतीचं घर, स्क्रू, पकड आणि शंभर कार्यक्रम टिकेल असा जोड, पैसे त्याचे असतात.

बसवताना काय होतं ते एकदा जवळून पाहावं. उपनगरातली एक जॅम रूम. भिंतींना गालिचे ठोकलेले, एसी कुरकुरतोय. ड्रमर गुडघ्यांवर बसून किकच्या (बास ड्रमचं बोलीतलं नाव) मागच्या कडीला, म्हणजे हूपला, ट्रिगरचा चिमटा लावतो. चिमट्याच्या आतून फोमची एक बोंडी बाहेर आलेली असते, ती कातड्याला टेकली पाहिजे. कातडं म्हणायची सवय. असतं ते प्लास्टिक. बोंडी जेमतेम टेकली तर बारीक टोले सुटतात, फार दाबली तर कातड्याचं हलणंच अडतं. म्हणून तो स्क्रू पाव फेरा फिरवतो, पायाने एक टोला देतो, मॉड्यूलवरचा दिवा बघतो, पुन्हा पाव फेरा. मग वायर हूपभोवती एक वेढा घेऊन टेपने चिकटवतो, कारण कार्यक्रमात पाय अडकून वायर निघते ती हमखास शेवटच्या गाण्यात. एवढं झाल्यावर तो स्टुलावर बसतो आणि डाव्या पायाने एकट्याने वाजवायला लागतो. उजव्याची काळजी कुणालाच नसते.

चकतीतून निघालेली विजेची लाट मॉड्यूलमध्ये जाते. मॉड्यूल म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेले टोले साठवलेली पेटी. नव्वदच्या दशकात अलेसिसचे डी-फोर आणि डीएम-फाइव्ह हे मेटल ड्रमरांच्या रॅकमध्ये हटकून दिसायचे. स्वीडनमध्ये क्लाव्हिया कंपनीने ‘डीड्रम’ या नावाने इलेक्ट्रॉनिक ड्रम काढले होते. त्या नावाचे लालभडक ट्रिगर पुढे जगभर गेले. लाट आली की पेटीने साठवलेला टोला वाजवायचा. वाचताना हे बिनचूक वाटतं. घोटाळे सगळे यापुढे सुरू होतात.

पहिला प्रश्न, टोला कशाला म्हणायचं? कातडं एका ठोक्याने बराच वेळ थरथरतं. त्या प्रत्येक थरथरीला मॉड्यूल नवा टोला समजलं तर एकाचे तीन होतात. म्हणून त्याला सांगून ठेवावं लागतं, की एक टोला घेतलास की अमुक इतका वेळ डोळे मिट. या वेळेला मास्क टाइम म्हणतात. रोलंडच्या बऱ्याच मॉड्यूलमध्ये तो ० ते ६४ मिलिसेकंद ठेवता येतो. आता वरचा हिशेब आठवा. २५० च्या लयीत चौपट वाजवलं तर दोन टोल्यांत ६० मिलिसेकंद असतात. मास्क ६४ वर राहिला तर अर्धे टोले पेटी गिळून टाकते आणि ड्रमर बिचारा आपल्या पायांना दोष देत बसतो. उलट मास्क अगदी कमी केला तर पेटी न वाजवलेले टोलेही पदरात टाकते, आणि तेव्हा तक्रार कुणीच करत नाही.

दुसरा प्रश्न, टोला किती जोराचा होता? हे कळायला पेटीला लाटेचं टोक दिसेपर्यंत थांबावं लागतं. थांबणं फार नाही, एक-दोन-तीन मिलिसेकंद. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे तीन मिलिसेकंद उशीर म्हणजे ड्रम मीटरभर लांब असल्यासारखं. एवढं चालून जातं. पण पेटी जितकी कमी थांबेल तितकी तिला जोराची पारख कमी. त्यामुळे जलद वाजवणारे बरेच जण ती पारखच बंद करून टाकतात. मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांची आपसातली भाषा, तिच्या मोजपट्टीत जोराची कमाल १२७. हळू लागो की जोरात, प्रत्येक टोला १२७. या एका आकड्यावरून गेली तीस वर्षं भांडणं चालू आहेत.

भांडणाकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास, नाहीतर दोन बास ड्रम ही मेटलवाल्यांचीच खोड वाटेल. तसं नाही. लुई बेल्सन या अमेरिकन जॅझ ड्रमरने शाळेत असतानाच दोन बास ड्रमच्या संचाचं चित्र काढलं होतं. पुढे ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात तो तसा संच घेऊनच बसायचा. १९६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये कीथ मून आणि जिंजर बेकर हे रॉक ड्रमर दोन बास ड्रम लावून बसले. १९७९ मध्ये मोटरहेड बँडचं ‘ओव्हरकिल’ आलं. त्यात ड्रमर फिल टेलरचे पाय गाण्याच्या पहिल्या क्षणापासून धावतात आणि थांबायचं नाव घेत नाहीत. मग १९८३ मध्ये ड्रम वर्कशॉपने जोडपेडल बाजारात आणलं. एकाच बास ड्रमवर दोन बीटर (टोला देणारे दांडके), डाव्या पायाचं पेडल दांडीने उजव्याला जोडलेलं. दुसरा ड्रम विकत घेण्याचा, टेम्पोत भरण्याचा आणि स्टेजवर मावण्याचा प्रश्नच मिटला.

मिटला खरा, पण ट्रिगरच्या दृष्टीने एक नवा प्रश्न आला, आणि तो सहसा कुणी बोलून दाखवत नाही. दोन वेगळे ड्रम असले तर टोले वाटले जातात. ६० मिलिसेकंदांच्या चालीत प्रत्येक ड्रमवर १२० मिलिसेकंदांनी एक टोला पडतो आणि प्रत्येक ट्रिगरला श्वास घ्यायला दुप्पट वेळ मिळतो. एकाच ड्रमवर जोडपेडल असेल तर एका चकतीला दोन्ही पायांचे टोले ओळखावे लागतात, तेही कातडं मागच्या टोल्याने हलत असताना. त्यात काही ड्रमरांना टोला देऊन बीटर कातड्यातच रुतवून ठेवायची सवय असते. उजवा बीटर कातडं दाबून बसला की डाव्याचा टोला पेटीपर्यंत पोचतो तो अशक्त होऊन. यावर उपाय म्हणून काहींनी कातड्याचा नाद सोडून ट्रिगर थेट पेडललाच बसवला. कॅलिफोर्नियातल्या ॲक्सिस कंपनीची लांब पाटीची पेडलं या मंडळींत लाडकी, आणि त्यांनी पेडलला जोडायचा ट्रिगरही काढला. आता ड्रम वाजतो की नाही याच्याशीही पेटीला देणंघेणं उरत नाही.

दाणेदार किक ऐकू येण्याची हौस ट्रिगरच्या आधीची आहे. बीटर लागतो तिथे कडक प्लास्टिकची चकती चिकटवणं, बीटर लाकडाचा घेणं, ध्वनिमुद्रणात तीन-चार हजार हर्ट्झचा भाग वर उचलणं हे सगळं चालायचं. मेटालिकाच्या १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये लार्स उल्रिकचा किक टाइपरायटरसारखा टकटकतो. खर्ज घुमत राहतो, टकटक लगेच संपते. म्हणून टोले मोजता येतात ते टकटकीमुळे. मात्र ट्रिगरची खरी निकड निर्माण झाली ती फ्लॉरिडात. टॅम्पा शहरातल्या मॉरिसाउंड स्टुडिओत नव्वदीच्या उंबरठ्यावर डेथ, ऑबिच्युअरी, डीसाइड, मॉर्बिड एंजल असे एकामागून एक बँड ध्वनिमुद्रण करत होते, आणि दर वर्षी लय वर सरकत होती. मॉर्बिड एंजलचा ड्रमर पीट सँडोव्हाल मूळचा एल साल्व्हादोरचा, वाढला लॉस एंजेलिसमध्ये. या बँडमध्ये येईपर्यंत डबल बास, म्हणजे दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवणं, त्याच्या पायात नव्हता, काही महिन्यांच्या रियाजात त्याने तो बसवला, असं त्याच्याबद्दल सांगतात. त्यांचा ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ हा अल्बम आला १९८९ मध्ये. २०१० मध्ये सँडोव्हालच्या पाठीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या ध्वनिमुद्रणात त्याच्या जागी टिम यंग बसला. मणक्याचं खरं कारण मला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण वीस वर्षं दोन्ही पाय हवेत ठेवून कमरेवर तोल सांभाळत बसणारा माणूस पाहिला की शंका येतेच.

ट्रिगरचा सर्वांत प्रामाणिक वापर, माझ्या मते, फिअर फॅक्टरी या बँडचा. १९९५ च्या ‘डीमॅन्युफॅक्चर’मध्ये रेमंड हरेराचा किक आणि डिनो काझारेसची गिटार टोल्याला टोला जुळवून चालतात. विषय माणूस आणि यंत्राच्या झगड्याचा, आणि किक हुबेहूब यंत्राचा. इथे लपवाछपवी काही नाही. आवाज यंत्राचा आहे हेच तर गाण्याचं म्हणणं.

आता भांडण. ट्रिगर ही फसवणूक आहे असं म्हणणारे आणि ट्रिगर वेग देत नाही असं म्हणणारे, दोघंही अर्धं बरोबर बोलतात. ट्रिगर टोले वाढवत नाही, नीट लावला असेल तर. पाय सेकंदाला बारा वेळाच पडत असेल तर बाराच ऐकू येणार. उलट तो वेळेतली चूक उघडी पाडतो. साध्या किकच्या घरघरीत एखादा टोला दहा मिलिसेकंद मागेपुढे झाला तर खपून जातो. टकटकीत तोच टोला लंगडतो, आणि साठ मिलिसेकंदांच्या चालीत दहा म्हणजे सहावा हिस्सा. कच्च्या ड्रमरने ट्रिगर लावला की त्याचा कच्चेपणा आधी कधी ऐकू आला नव्हता इतका ऐकू येतो.

पण दुसरी बाजूही खरी आहे. ट्रिगर वजन माफ करतो. पेटीची संवेदनशीलता वाढवून ठेवली की नुसता बीटर टेकला तरी पूर्ण टोला वाजतो. हलका पाय थकत नाही, आणि न थकलेला पाय जलद चालतो. पायाचे जे दुहेरी टोले असतात, टाच आणि चवडा वापरून एका झेपेत दोन, त्यातला दुसरा स्वभावतःच लेचापेचा निघतो. पेटी त्यालाही १२७ देऊन पहिल्याच्या पंगतीला बसवते. डावा पाय उजव्याच्या बरोबरीला येतो तो असाच. वेग देत नाही म्हणणाऱ्यांनी एवढं मान्य करायला हरकत नसावी: टोला टोल्यासारखा वाजवण्यासाठी जी ताकद लागते तिची किंमत ट्रिगर भरतो, आणि वाचलेल्या ताकदीतून वेग येतो.

मला स्वतःला यात फसवणूक दिसत नाही. नुकसान दिसतं, आणि ते वेगळीकडे आहे. सगळेच १२७ वर गेले की पायाला सम आणि खाली यांतला फरकच करता येत नाही. रेल्यातही तबलजी दाब बदलत असतो, म्हणून तो ऐकवतो. एकच सॅम्पल, म्हणजे पेटीत साठवलेला टोला, सेकंदाला सोळा वेळा तंतोतंत तसाच वाजला की कान दोन मिनिटांत उठून जातो. अलीकडची यंत्रं एकाच टोल्याचे अनेक नमुने ठेवून ते आळीपाळीने वाजवतात, त्याने एकसुरीपणा थोडा सुटतो. शिवाय पुष्कळ बँड त्याच त्या प्रसिद्ध सॅम्पलवर तुटून पडतात. ऑस्लोचा ड्रमर आणि ऑस्टिनचा ड्रमर एकाच पायाने चालल्यासारखे वाटतात.

स्टुडिओत तर गोष्ट फार पुढे गेली. तिथे ट्रिगर लावायचीही गरज नाही. माइकवर आलेला टोला ओळखून त्याजागी दुसरा ठेवणारी ड्रमागॉगसारखी सॉफ्टवेअर आली, आणि टोले उचलून घड्याळाच्या चौकटीत बसवण्याचीही सोय आली. फसवणूक हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथे वापरावा, कारण इथे वेळच उसनी घेतली जाते. तरी यातही उघडपणे वागणारे आहेत. स्वीडनच्या उमेओ शहरातल्या मेशुगा बँडने २००५ चा ‘कॅच थर्टीथ्री’ सरळ सॉफ्टवेअरच्या ड्रमवर केला आणि तसं सांगितलं. त्या सॉफ्टवेअरमधले नमुने त्यांच्याच ड्रमरने, टोमास हाकेने, वाजवून दिलेले. मग २००८ मध्ये त्याच हाकेने ‘ब्लीड’ हे गाणं पायांनी वाजवलं. लय ११५, ऐकायला मामुली. पण पाय दोन टोले चटकन टाकतात, दोन त्याच्या निम्म्या वेगाने, आणि हीच चाल गिटारींना चिकटून मोडत-जोडत सात मिनिटं जाते. चटकन टाकलेल्या टोल्यांमधलं अंतर साधारण ६५ मिलिसेकंद भरतं. यंत्राने आधी वाजवून दाखवावं आणि माणसाने मागून शिकावं, असा उलटा क्रम.

मुंबईत हे सगळं पोचलं त्याला आता बरीच वर्षं झाली. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव व्हायचा. परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवन बंद झालं. नंतरची पिढी पब, कॉलेज फेस्टिव्हल आणि भाड्याच्या हॉलमध्ये वाढली. डेमॉनिक रेझरेक्शन, भयानक मौत, गट्सलिट ही नावं त्या पिढीची. डेमॉनिक रेझरेक्शनच्या साहिल मखीजाने ‘डेमनस्टीलर’ या नावाने २०१६ मध्ये ‘दिस बर्डन इज माइन’ काढला, तेव्हा ड्रमवर होता नाइल बँडचा ग्रीक ड्रमर जॉर्ज कोलियास. वेगवान पायांच्या या जगात ज्याचं नाव आदराने घेतात असा माणूस मुंबईच्या एका अल्बमवर वाजला, याची आपल्या वृत्तपत्रांत कितपत दखल घेतली गेली असेल याचा अंदाज करायला हुशारी लागत नाही.

आपल्याकडे ट्रिगर वापरण्याचं कारण बऱ्याचदा वेगाइतकंच व्यवहाराचं असतं. परदेशी बँड आपला संच घेऊन फिरतो. इथे आयोजकाने भाड्याने आणलेल्या एकाच संचावर सहा बँड वाजवतात. किकच्या पोटात उशी आहे की कुणाची जुनी चादर, कातडं कधी बदललंय, माइक कुठला येणार, काही सांगता येत नाही. दोन बँडांमध्ये पंधरा मिनिटं मिळतात. ड्रमर पाठीवरच्या पिशवीत पेडल, ट्रिगर आणि मॉड्यूल घेऊन येतो आणि साउंडवाल्याच्या हातात एक वायर ठेवतो. किक कालच्यासारखाच वाजणार एवढी खात्री त्या वायरीत असते. अर्थात खात्रीलाही प्लग लागतो. एका कार्यक्रमात मॉड्यूलचा ॲडॅप्टर निसटला आणि किक स्पीकरमधून गायब झाला. ड्रमरला स्वतःचा ड्रम समोर ऐकू येत होता, त्यामुळे त्याला पत्ताच नाही. जवळपास अख्खं गाणं लोकांनी किकविना ऐकलं, आणि खरं सांगायचं तर पुढच्या दोन रांगा सोडून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून जाणते साउंडवाले माइक काढत नाहीत. दोन्ही ठेवतात: पोट माइककडून, टोक ट्रिगरकडून. काही जण तर ट्रिगरचा आवाज श्रोत्यांना देतच नाहीत. त्याची लाट फक्त माइकच्या नॉइज गेटला देतात, म्हणजे टोला पडेल त्या क्षणापुरतं माइकचं दार उघडतं आणि बाजूच्या गिटारींचा गोंगाट आत येत नाही. आवाज खऱ्या ड्रमचा, राखणदार तेवढा इलेक्ट्रॉनिक. मला हा वापर सगळ्यांत आवडतो, आणि इथल्या कार्यक्रमांत तो सगळ्यांत कमी दिसतो, कारण त्याला साउंड चेक लागतो आणि साउंड चेक दुपारी चारला ठरून रात्री आठला सुरू होतो.

नवशिक्याने ट्रिगर घ्यावा का? आधी चांगलं पेडल घ्यावं, मग क्लिकबरोबर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीबरोबर, १२० वर दोन्ही पाय सारखे पडतात का ते फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकावं, ट्रिगरविना. २०० च्या आत घाम फुटत असेल तर पैसे राखून ठेवावेत. त्यापुढे मजल गेली आणि जॅम रूममध्ये घरघर व्हायला लागली, की जुना मॉड्यूल सेकंडहँड मिळतो का बघावं. घेतला तर संवेदनशीलता अशी लावावी की हलगर्जी टोला वाजणारच नाही. तसं केलं की पहिले काही आठवडे निम्मी गाणी गळतील, आणि डावा पाय किती कामचुकार आहे ते पेटी रोज संध्याकाळी दाखवत राहील.